जामिनाची सही

आमच्याकडे जामिनाची सही मागितली तर नाही म्हणायची पद्धत नव्हती. लग्नाला बोलावलं की जायचं, तसं सहीलाही बोलावलं की जायचं. सही झाली की बँकेसमोरच्या टपरीवर चहा, आणि विषय संपला. त्यातून अक्काच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, नवऱ्याने सही मागितली, तेव्हा तर मी तो मानच समजलो. चाळीसगावकडच्या त्यांच्या मळ्यात पाइपलाइन टाकायला त्यांनी कर्ज काढलं होतं. मी सही केली, चहा प्यायलो आणि विसरून गेलो.

पुढे एकोणीसशे नव्वदच्या सुमारास जळगावात, मेहरूणला, केळीच्या वेफर्सची भट्टी टाकायचं माझ्या मनाने घेतलं. दुसऱ्याच्या दुकानात तराजू धरून मी विटलो होतो. बँकेत अर्ज केला. तो नामंजूर झाला. कारण काय, तर माझी थकबाकी आहे.

मी उभ्या जन्मात बँकेचा रुपया घेतलेला नव्हता. तावातावाने साहेबांशी भांडायला गेलो. साहेब म्हणाले, "तुम्ही ज्यांना जामीन आहात, त्यांचे हप्ते थकलेत. चाळीसगावच्या शाखेने कळवलंय. ते भरले गेले की पुन्हा अर्ज करा. बाकी तुमचं सगळं ठीक आहे."

कर्ज त्यांनी घेतलं, पाणी त्यांच्या मळ्याला गेलं, आणि थकलो मी? बाहेर येऊन सायकलचं कुलूप काढायलाही मला सुधरेना. चूक माझी, त्यांची की बँकेची, काही केल्या उलगडत नव्हतं. बायको म्हणाली, "दाजींना सांगा की, भरा म्हणून." तिला म्हणायला काय जातंय! बहिणीच्या नवऱ्याला पैशावरून बोलायचं, तेही त्याच्याच घरी पाटावर बसून?

तरी गेलो. अक्काने वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. जेवताना माझा अर्ज थकबाकीवरून फेटाळल्याचं निघालं. दाजी गंभीर झाले आणि बँकेचं सगळं कसं कागदावर चालतं ते मला समजावू लागले, "भाऊ, बँकनं काम बठ्ठं कागदवर ऱ्हास. परत अर्ज कराना पहिले आपलं खातं चोख करी ले."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. यांना खरंच ठाऊक नाही, की ठाऊक असून मला शहाणपण शिकवताहेत? रागावावं की हसावं तेच समजेना. तेवढ्यात, थकलेले हप्ते त्यांचेच आहेत, हे तोंडून निघून गेलं, "दाजी, थकेल हप्ता तुमनाच शेतस."

अक्काचा वाढता हात थांबला. दाजी पानातली भाकरी संपवून हात धुवायला उठले.

पुढच्याच महिन्यात त्यांनी सगळे हप्ते भरले. मला सांगितलं नाही, बँकेतूनच कळलं. मी पुन्हा अर्ज केला, कर्ज मिळालं, भट्टी पेटली. अक्काकडे जाणंयेणंही चालू राहिलं. सगळं पहिल्यासारखंच आहे, असं मी धरून चाललो होतो.

काही वर्षांनी दाजींनी विहीर खोल करायला कर्ज काढलं. जामिनाला शेजारच्या मळेवाल्याला नेलं. मला ते गावाकडून आलेल्या एका माणसाने सहज बोलता बोलता सांगितलं. खरं तर सुटलो म्हणून हायसं वाटायला हवं होतं. पण त्या दिवशी भट्टीवर माझं चित्त लागेना. मला बोलावलं असतं, तर मी गेलो असतो.