फाईल बदलताना हुकलेली फायनल

बैलगाडी शर्यतीच्या मैदानात निकालाच्या रेषेवर कॅमेरा लावायचं काम मी करतो. आष्ट्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी असतातच, पण मैदानाच्या शूटिंगला जो मान आहे तो लग्नात नाही. लग्नात फोटोवाल्याला सगळ्यात शेवटी जेवायला बोलावतात. मैदानात पंच माझं शूटिंग बघितल्याशिवाय निकाल देत नाहीत. हा मान माझ्या डोक्यात गेला होता, हे आधीच सांगून टाकतो.

माझा कॅमेरा जुना आहे. त्याचं कार्ड ज्या पद्धतीनं फॉरमॅट होतं, त्यात एक फाईल चार जीबीच्या वर जात नाही. कार्डात कितीही जागा असो, चार जीबी झाले की कॅमेरा चालू फाईल बंद करतो आणि नवी उघडतो. चांगल्या कॅमेऱ्यात हे कळतही नाही. माझ्या कॅमेऱ्यात मात्र मधला एखादा क्षण गळतो. मला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून एक फेरी झाली की मी रेकॉर्डिंग थांबवायचो आणि पुढच्या फेरीला नव्यानं सुरू करायचो.

गेल्या महिन्यातल्या मैदानात फायनल रखडली. बैल जुंपले, एक जोडी बिथरली, सोडली, पुन्हा जुंपली. आता सुटतील, मग सुटतील, म्हणून मी रेकॉर्डिंग चालूच ठेवलं. कॅमेरा स्टँडवर, त्याचं तोंड रेषेकडे. मला काही कामच नव्हतं. कंटाळा आला तसं स्टुडिओच्या स्टेटसला टाकायला एक व्हिडिओ काढायचं सुचलं. झेंडा पडला, गर्दी ओरडायला लागली, आणि मी मैदानाकडे पाठ करून मोबाईलवर स्वतःचंच शूटिंग करत बसलो.

दोन गाड्या बरोबरीनं रेषेवर आल्या. पंचांच्या टेबलावरच्या टीव्हीला मी कार्ड जोडलं. पहिली फाईल संपली तेव्हा दोन्ही जोड्या रेषेच्या हातभर अलीकडे होत्या. दुसरी उघडली तर नुसती धूळ.

"तू रेषेवरच हुतास न्हवं? कोण आलं पुढं?" पंचांनी विचारलं.

"माझी पाठ हुती तिकडं," मी म्हणालो. तेवढ्यात कुणाला तरी माझ्या मोबाईलची आठवण झाली. तोही टीव्हीला जोडला. पडदाभर माझं थोबाड, दात काढलेलं, आणि निकालाची रेषा बरोबर माझ्या कानामागं. अख्खं मैदान हसलं. जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

लोकांनी लांबून काढलेलं तिरकं शूटिंग पंच धरत नाहीत. शेवटी त्या दोन गाड्यांत चिठ्ठी टाकली, आणि ती एका म्हाताऱ्या मालकाच्या विरुद्ध गेली. त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांच्या बैलाची ती शेवटची शर्यत होती. सकाळीच माईकवरून तसं सांगितलं होतं.

आठवडाभर मी स्टुडिओचं शटर अर्धंच वर करत होतो. एक दिवस त्याखालून वाकून आबाच आत आले. नवाकोरा पेन ड्राईव्ह त्यांनी काउंटरवर ठेवला.

"ह्यात शूटिंग घालून दे."

"आवं आबा, शेवटचं त्यात न्हाई."

"जेवडं हाय तेवडं दाव तरी."

मी कॉम्प्युटरवर लावलं. पहिली फाईल संपली, दुसरीतली धूळ आली. त्यांनी दोन्ही परत लावायला सांगितल्या.

"मधलं कुटं गेलं?"

"फाईल भरली. नवी उघडंस्तवर तेवढं ऱ्हायलं. चूक माझी हाय आबा, आधी बंद करून परत चालू कराय पायजे हुतं."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग माझ्याच मनाचं ओझं कमी व्हावं म्हणून मी विचारलं, "तुमी तर रेषेच्या पल्याडच हुता. तुमाला दिसलंच असंल की."

आबा पडद्यावरच्या धुळीकडे बघत राहिले.

"मी डोळं मिटलं हुतं," ते म्हणाले. "छातीत लय धडधडाय लागलं. म्हनलं, शूटिंग हाय की. घरी निवांत बघू."