आपाच्या सुट्टीसाठी

राहनाळला एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. आम्ही सात जण गोदामांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. ते प्रत्येक गोदामाच्या यंत्रणेशी नीट बोलतंय का, हे एपीआय टेस्टिंग टूलमधून तपासतो. त्यासाठी प्रत्येक गोदामाची एक गुप्त किल्ली लागते, पन्नासेक अक्षरांची आणि सारखी बदलणारी. या सगळ्या किल्ल्या आमच्या सिनियर टेस्टरकडे असत. तिला सगळे आपा म्हणतात. किल्ली बदलली की तिला फोन करायचा, मग ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची. ती तापानं फणफणलेली असतानाही हेच चाललं होतं.

तिचं लग्न ठरलं. शेठनी दहा दिवसांची सुट्टी लगेच दिली, फक्त फोन चालू ठेवायला सांगितलं.

आपा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "मेहंदीच्या हातांनी किल्ल्या टाइप करत बसू का मी?"

माझे वडील यंत्रमाग कामगारांची पत्रकं काढायचे. सुट्टी मेहेरबानी नसते, हे मी शाळेतल्या धड्यांच्या आधी त्या पत्रकांत वाचलं होतं. मी तडक शेठशी भांडायला गेलो. ते म्हणाले, भाषण नको, उपाय आण.

उपाय ऑफिसातच पडून होता. आमच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये तोवर फक्त वायफायचा पासवर्ड होता. आपानं सगळ्या किल्ल्या त्यात ठेवल्या आणि मी तो टेस्टिंग टूलला जोडला. आता टूलमध्ये किल्ली नाही, ती कुठे ठेवलीय तेवढंच लिहायचं. गरज पडली की टूल स्वतःच जाऊन ती घेतं. किल्ल्या बदलायचा अधिकार आपानं माझ्याकडे दिला. "संभाल, लीडर," म्हणाली आणि गेली.

मला राहवेना. मी पत्रक काढलं: 'कुणाचीही सुट्टी किल्लीला बांधू नका'. खाली पायऱ्या, माझ्या पडद्याच्या चित्रांसकट. धामणकर नाक्यावरून झेरॉक्स आणल्या आणि जिन्यापासून चहाच्या टपरीपर्यंत चिकटवल्या.

दुपारी शेठ चहा पिऊन आले, हातात एक प्रत. चौथ्या चित्रात शेलार गावातल्या गोदामाची खरी किल्ली, पूर्णच्या पूर्ण छापलेली.

"पत्रक छान आहे," शेठ म्हणाले. "अक्षरंही मोठी घेतलीस."

एकानं सवयीनं आपाला फोन लावायला घेतला. मी त्याला थांबवलं. शेलारची जुनी किल्ली रद्द केली, नवी काढली, पासवर्ड मॅनेजरमध्ये एकाच जागी टाकली. मग आम्ही उरलेल्या सहाही जणांनी आपापल्या टूलमध्ये बटण दाबलं. कुणीही काहीही कॉपी न करता सहाही पडद्यांवर हिरवं उत्तर आलं. एकच कल्ला झाला. शेठ हसत हसत माझ्याबरोबर पत्रकं उपटायला खाली आले.

लग्नाच्या दावतीला आम्ही सगळे गेलो. आपानं विचारलं, मागे काही झालं तर नाही ना? सगळे माझ्याकडे बघू लागले.

"काही नाही," शेठ म्हणाले. "याला बिर्याणी वाढ."

तिचा फोन आईच्या कपाटात होता म्हणे. त्याची बॅटरी कधी उतरली, हे तिला माहीतही नव्हतं.