नाव मोठ्याने पुकारावे

मतदारयादीसाठी घरोघर फिरलेल्या मास्तराकडे किस्से न मागता साठतात. पहिल्या निवडणुकीच्या वेळी मी चाकणजवळच्या एका गावात शाळेवर होतो. हे किस्से मी रंगवू लागलो की बायको मधेच म्हणायची, "असं नव्हतं झालं." ती जाऊन दोन वर्षं झाली. आता मी सांगतो तसंच झालं.

*

निवडणुकीआधी गावाला राज्यघटना समजावून सांगायची होती. शाळेच्या पटांगणात मी म्हटलं, यापुढे सरकार म्हणजे तुम्हीच. कोतवाल उभा राहिला. त्याचा जन्म सलाम ठोकण्यात गेलेला.

"मास्तर, सरकार आमीच, तर सलाम कुनाला ठोकू?"

तेवढ्यात मामलेदारांची जीप आली आणि त्याचा हात आपोआप वर गेला.

*

पाटलांच्या घरात अकरा मतं. पाटील समजूतदार. म्हणाले, कांद्याची लावण चाललीय, सगळ्यांचा खोळंबा कशाला? मी एकटाच येऊन अकरा टाकतो. मी सांगितलं, राज्यघटनेनं ज्याचं मत त्याला दिलंय. तुम्हाला एक, तुमच्या गड्यालाही एक.

"बायकांना बी?"

"त्यांनाही."

पाटलांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग हळूच म्हणाले, "मास्तर, ह्ये लिवून झाल्यावर कुनी वाचून बघितलं न्हाई का?"

*

खरी अडचण बायकांची. परक्या पुरुषाला नाव सांगायचं नाही, ही रीत. 'धोंडूची आई', 'पाटलाची सून' असंच लिहा म्हणत. आणि वरून हुकूम आला, स्वतःचं नाव नसेल तर यादीतून वगळा. म्हणजे मत गेलं.

शेवटी बायको माझ्याबरोबर फिरू लागली. मी दारात, ती चुलीपाशी. धोंडूच्या आईपाशी तासभर मोडला. म्हातारीला मत हवं होतं, पण नाव सांगवत नव्हतं. लग्न झाल्यापासून त्या नावानं कुणी हाकच मारली नाही म्हणे.

बायको म्हणाली, "मग राहू दे. यादीत धोंडू आहे, तुम्ही नाही."

म्हातारीनं तवा खाली उतरवला. "लिवा. मैना."

*

मतदानाच्या दिवशी यादी माझ्यापुढे होती. नियम असा की नाव मोठ्याने पुकारावे, उमेदवारांच्या माणसांना ऐकू गेलं पाहिजे. मी पुकारलं, "मैना बाबू शिंदे!"

म्हातारी मागे वळून बघू लागली, कोण आलंय म्हणून. मागे माझी बायको होती. तिनं कोपरानं ढोसलं तेव्हा म्हातारी हलली. मत टाकून आली, पण घरी जाईना. दारातच उभी राहिली.

पुढचा नंबर बायकोचा. लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण तिला नावानं हाक मारायची वेळ कधी आली नव्हती. "अगं", "ऐकलंस का", एवढ्यावर संसार चाललेला. मी तिच्या नावावर बोट ठेवलं आणि मानेनंच पुढे हो म्हटलं.

"आसं कसं, मास्तर?" म्हातारी दारातून म्हणाली. "माजं समद्या गावात पुकारलं. हिचं बी पुकारा."

रांग थांबली. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "शांता."

बायको जागची हलली नाही.

"ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "पुन्हा."