एकाच डोळ्यातली चिपडं

लग्न होऊन वडनेरजवळच्या त्या गावी मला दुसरं वर्ष लागलं होतं. खळ्यावर राखणीला असलेला सासऱ्यांचा कुत्रा दिवसा आमच्या ओट्याखाली पडून असायचा. कापूस वेचणीच्या दिवसांत त्याचा डावा डोळा गळू लागला. पहिल्या दिवशी नुसतं पाणी, दुसऱ्या दिवशी चिकट, तिसऱ्या दिवशी पिवळ्या चिपडांनी पापणी मिटून गेली. उजवा डोळा मात्र स्वच्छ होता.

माहेरी कुत्री होती, म्हणून मला एवढं कळत होतं. आजार असला तर बहुधा दोन्ही डोळे येतात, कुत्रं खाणं सोडतं. एकच डोळा गळतो आणि कुत्रं तो पंजाने सारखा चोळतं, तेव्हा आत काहीतरी गेलेलं असतं. खळ्याभोवतीच्या वाळल्या गवतातून हा रात्रभर पळायचा, कुसळच असणार. पण सांगू कुणाला? नवरा नांदुऱ्याच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, मुक्कामी. सून सासऱ्यांशी बोलत नसे आणि भासऱ्यांच्या, म्हणजे थोरल्या दिरांच्या, समोरही येत नसे. सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी ते कुत्र्याचं कौतुक समजून सोडून दिलं.

चौथ्या सकाळी सासऱ्यांनी त्याच्यावर बैलाचा उपाय केला. बैलाचा डोळा गळू लागला की तंबाखू-मीठ चावून त्याची फुंकर डोळ्यात मारायची, ही आमच्याकडची रीत. फुंकर मारली, गाडी जुंपली आणि ते नांदुऱ्याला निघून गेले.

कुत्र्याने डोळा चोळला, पंजा चाटला, पुन्हा चोळला. थोड्याच वेळात त्याच्या तोंडाला फेस आला, पाय लटपटू लागले. शेजारचं कुणीतरी म्हणालं, "पिसायलं." भासरे काठी घेऊनच आले.

मी दाराआड उभी. खरंच पिसाळलं असेल तर? मी अडवलं आणि ते कुणाला चावलं तर? काठी वर गेली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मामंजीनं तंबाखू फुकली त्याच्या डोयात. त्याचाच फेस आहे तो."

भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीकडे तोंड करून विचारलं, "माय, खरं आहे का हे?"

"हाव," सासूबाई म्हणाल्या.

कुत्र्याला बांधून ठेवलं. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला तोंड लावत नाही, म्हणून मी दुपारभर त्याच्या पाण्याच्या भांड्याकडे पाहत बसले. उन्हं उतरताना तो पाणी प्याला, तेव्हा कुठे मी जेवले.

सासरे आले, सगळं ऐकलं. त्यांनी कुत्र्याला मांडीत दाबून पापणी उचलली. मी कोमट पाणी सोडलं. पापणीआडून बोटाच्या पेराएवढं कुसळ निघालं. बुबुळ पांढरं पडलं होतं.

"आत कुसय आहे, हे तुले कधी समजलं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्याच दिवशी."

"मंग मले काऊन नाही सांगतलं, पोरी?"

ते उत्तराची वाट पाहत राहिले. मी पदर पुढे ओढला.