धुराड्यातला पत्रा

खोली धुरानं भरली तेव्हा मला आधी वाटलं, जळणाच्या तुराट्या ओल्या असतील. भाचीच्या साखरपुड्याला मोहोळला, माहेरी गेले होते आणि आदल्या संध्याकाळीच परतले होते. सकाळी नेहमीसारखी मागच्या खोलीतली चूल पेटवली. भवानी पेठेतल्या आमच्या घरात ती खोली फक्त भाकरीची. कडक भाकरी करून विकायचा माझा धंदा आहे, आणि थापायला एक मावशी येतात. चुलीच्या वर भिंतीतच विटांचं धुराडं आहे, ते गच्चीपर्यंत जातं. त्या दिवशी धूर वर गेला आणि तसाच माघारी खाली आला.

मावशी खोकत अंगणात पळाल्या. "वैनी, पाखरानं घरटं केलंय का काय, बघा की!"

मी चुलीवर पाणी ओतलं. मोबाइलची बॅटरी लावून धुराड्यात डोकं घातलं. हात पोचेल त्याच्या थोडं वर आडवा पत्रा होता. नवा कोरा. चारी बाजूंनी लोखंडी अँगल, अँगलला बोल्ट, आणि कडेच्या फटींत सिमेंट लिंपलेलं. घरट्यात सिमेंट नसतं.

कुणाचं काम ते मला लगेच कळलं. धाकट्या दिरांनी वर नवीन खोली बांधली होती. भिंत चढत असतानाच मी म्हटलं होतं, "भावजी, खिडकी पलीकडून काढा, इकडं धूर येईल." ते म्हणाले, "बघू की." खिडकी धुराड्याला खेटूनच काढली. मग पडदे काळे व्हायला लागले, त्यांची लहान मुलगी खोकायला लागली. पोरीचा खोकला खरा होता, मी नाकारत नाही. म्हणून मीच सुचवलं होतं की धुराड्याला वर पाइप लावून उंच करू, धूर तुमच्या खिडकीच्या वरून जाईल. त्यावरही उत्तर तेच, "बघू की." आणि मी गावाला गेल्यावर त्यांनी हे बघितलं होतं.

काजळीचे हात न धुताच मी जिना चढले. दीर पोहे खात होते.

"भावजी, पत्रा कुणी बसवला?"

"मीच. तुमी नव्हता, म्हणून थांबलो न्हाय. किती सांगायचं माणसानं? गॅसवर करा की आता."

गॅसवर भाकरी भाजते, पण कडक होत नाही. भाजलेली भाकरी निखाऱ्यांच्या उबेला उभी करून ठेवावी लागते, सावकाश सुकवावी लागते. तेव्हा कुठं ती पापडासारखी मोडते. हे त्यांना माहीत होतं. लहानपणापासून तीच खाल्ली होती.

"मला विचारावंसं नाही वाटलं?"

"घरचं धुराडं हाय, वैनी. तुमच्या एकटीचं हाय का?"

माझा नवरा टॉवेलच्या मागावर कामाला होता. माग बंद पडले तेव्हा सगळं घर या चुलीवर जगलं, दीरसुद्धा. तेव्हा मे महिन्यात त्या खोलीत बसायला माझ्याशिवाय कुणी नसायचं. तेव्हा धुराडं माझ्या एकटीचं होतं.

खाली आले तर नवरा चहा पीत होता. मी सगळं सांगितलं. तो बशीत बघत म्हणाला, "जाऊ दे. भांडून काय होतंय? संध्याकाळी बोलू." मला वाटलं, नेहमीसारखा भांडणाला घाबरतोय.

मी तशीच कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे गेले. पेठेतली बहुतेक कामं तोच करतो. म्हटलं, धुराड्यातला पत्रा काढायचाय.

"कायको भाभी? परवाच तर बसवला. ढिला हुआ क्या?"

"तूच बसवलास?"

"हौ. छोटे भैया बुलाये. मापं बडे भैयानं दिली. पत्रा वर धरायला कोण तरी पायजे ना, वो भी वोच धरे."

बडे भैया म्हणजे माझा नवरा. परवा म्हणजे ज्या दिवशी त्यानं मला मोहोळला फोन केला होता तो दिवस. फोनवर म्हणाला होता, "सावकाश ये, इकडं सगळं नीट आहे."

दिरांचा राग आला होता तो डोक्यात होता. हा पोटात उतरला. वेल्डिंगवाल्यानं स्टूल पुढं केलं, पण मी बसले नाही. त्याला विचारलं, पत्र्याला मधे झडप करता येईल का? चूल पेटली की उघडायची, विझली की लावायची. तो म्हणाला, येईल की, बिजागरी लावू, ओढायला साखळी सोडू, आणि वर गच्चीत पाइपपण चढवू.

"मग आजच चल," मी म्हटलं.

घरी येऊन नवऱ्यापुढं उभी राहिले. "बसवताना तुम्ही धरला होता ना? मग काढतानापण तुम्हीच धरा."

त्याची मान खाली गेली. "तो माझा भाऊ हाय. मी मधल्यामधी काय करणार?"

"मला सांगणार. फोनवर सांगायचं होतं, की असं असं चाललंय. एवढंच करायचं होतं."

तो उठला. चुलीच्या जागी उभा राहून त्यानं दोन्ही हातांनी पत्रा धरला, वेल्डिंगवाल्यानं सिमेंट फोडलं, बोल्ट सोडले. सगळी काजळी नवऱ्याच्या डोक्यावर, शर्टात, कानांत. मावशी पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. मला हसू आलं नाही.

आवाज ऐकून दीर खाली आले. "हे काय चाललंय?"

"धुराडं सगळ्यांचं आहे ना, भावजी? मग या, दुसरी बाजू धरा."

ते पाय आपटत वर गेले.

संध्याकाळपर्यंत झडप बसली, पाइप चढला. दुसऱ्या दिवशी चूल पेटवून मी वर गेले आणि जावेला विचारलं. ती म्हणाली, धूर बिलकुल नाही, पोरगी शांत झोपली. म्हणजे मी आधीपासून सांगत होते ते केलं असतं तर एका दिवसात भागलं असतं. हे कळल्यावर माझा राग निवायच्या ऐवजी वाढला. नवऱ्याशी मी बरेच दिवस कामापुरतंच बोलले. तो चहा करून चुलीजवळ आणून ठेवायचा. मी प्यायचे, पण काही बोलायचे नाही. आता बोलते. पण त्यानं "सगळं नीट आहे" म्हटलं, की अजूनही मी दुसऱ्या कुणाला तरी विचारून खात्री करून घेते.

दिरांनी तर मधे दोन सण अबोल्यात घालवले. परवा ते खाली आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "वैनी, वरच्या टाकीचा पाइप तुमच्या भाकरीच्या खोलीच्या भिंतीवरनं खाली घेऊ का?"

नवरा पेपर बाजूला ठेवून माझ्याकडे बघायला लागला.

"विचारलंत ते बरं केलंत," मी म्हटलं. "नको."