बिनदोऱ्याची शिलाई

आमच्या लग्नाचं कर्ज फेडायला मी आदिलाबादच्या घरी ब्लाउज शिवायची. लेकीचा पाळणा मशीनला खेटूनच होता. त्या खडखडाटातच ती झोपायची. शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशी मी बजावलं, "आज मशीनला हात लावनार नाई." दुपारी पोरीनं रडून घर डोक्यावर घेतलं. कचेरीतून जेवायला आलेले आमचे हे सरळ मशीनवर बसले. ना दोरा, ना कापड.

"मशीन काऊन खराब करून राह्यले?" मी खेकसले.

"पोरगी झोपवून राह्यलो."

ती झोपली. चटईवर माझाही डोळा लागला. जाग आली तेव्हा दिवस कलला होता, आणि हे अजून पायडल मारतच होते.

"अन् कचेरी?"

"थांबलो असतो तं दोघी उठल्या असत्या."