कुंकू लागलेली दहा यंत्रं

म्हैसूर शहरात जन्मून खुर्चीचा इतका कमी उपयोग केलेला दुसरा माणूस झाला नसेल. मुलांनो, तुमच्या आजोबांचे मावसभाऊ, ज्यांना मी भावजी म्हणते आणि तुम्ही लहानपणी ‘उभे आजोबा’ म्हणायचात, त्यांच्याविषयी मी हे पूर्ण विचारांती लिहिते आहे. ते कॉफी उभ्याने प्यायचे, पेपर जिन्यात वाचायचे, आणि मुलीच्या लग्नात एकदाचे पाटावर बसले तेव्हा भटजींनी मंत्र घाईघाईने उरकले, कारण उठलेले यजमान पुन्हा बसतील याची त्यांना खात्री नव्हती. सिटी बस स्टँडवर तीस वर्षं गाड्या वेळेवर सोडल्यामुळे थांबलेली कुठलीही गोष्ट भावजींना सोडावीशी वाटे. आमच्याकडे पाहुणे बसले की पाव तासाने हे घड्याळ बघत. निघताना भिंतीवर दोन थापा मारत, कंडक्टर बसच्या पत्र्यावर मारतो तशा. माझ्या हॉलच्या भिंतीचा तेवढ्या जागेचा रंग उडत असे आणि दर दिवाळीला मी तेवढाच चौकोन रंगवून घेत असे.

निवृत्त झाल्यावर त्यांना कानांचं वेड लागलं. इंजिनाशेजारी बसून ड्रायव्हरांचे कान जातात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. आता बसवाले, झाडूवाल्या, विजेच्या तारांवर काम करणारे, सगळ्यांच्या कानांची परीक्षा ते घेऊ लागले. पद्धत साधी होती. माणसाच्या मागे उभं राहून हळूच म्हणायचं, “कॉफी?” जो वळणार नाही, त्याचं नाव चिठ्ठीवर. आमच्या शेजारच्या बँकवाल्यांना त्यांनी तीनदा विचारलं. चौथ्यांदा ते पाठमोरेच म्हणाले, “ऐकू येतंय हो. तुमच्याशी बोलायचं नाहीये.” चिठ्ठ्या शर्टाच्या खिशात राहून धुण्यात जात, म्हणून शेवटी मी त्यांना एक वही आखून दिली.

वहीतलं पहिलं नाव पुट्टम्माचं. ती आमचा रस्ता झाडते. एका सकाळी मागून आलेल्या स्कूटरचा हॉर्न तिला ऐकू आला नाही आणि आरसा कोपर सोलून गेला. मुकादमाने बजावलं, पुन्हा असं झालं तर कामावरून काढीन. निवृत्तीला पाच वर्षं बाकी होती आणि घरात कमावणारी ती एकटी. कानामागे बसवायच्या यंत्राची किंमत विचारली, तर तिच्या दोन पगारांएवढी. दुकानदार म्हणाला, एकदम दहा घेतलीत तर निम्म्या किमतीत देतो. भावजींनी उभ्याउभ्याच दहा सांगून टाकली आणि तसेच आपल्या समाजाच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष त्यांचे शाळेपासूनचे सोबती. मी सोबत होते, म्हणून संभाषण जसंच्या तसं देते.

“तुझ्या कपाटात सत्काराच्या शाली किती रे?”

“असतील वीसेक.”

“पांघरतोस किती?”

“म्हैसुरात शाल पांघरण्याएवढी थंडी कुठं आहे?”

“मग ज्याला थंडी नाही त्याला शाल, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याला भाषण. सुम्ने, उगीचच दोन्ही वाया. यंदा समाजाच्या सत्कारात शाली बंद कर.”

अध्यक्षांनी उठून पंखा वाढवला. मग म्हणाले, “म्हैसुरी पेटा तरी ठेवू दे बाबा. फोटोत डोकं दिसतं.”

त्या वर्षी सत्कारमूर्तींना पेटा, म्हणजे जरीची पगडी, आणि नारळ मिळाला, शालींच्या पैशांतून यंत्रं आली. पुट्टम्माने मात्र फुकट घ्यायला नकार दिला. दर महिन्याला थोडे देईन म्हणाली, आणि मग बाकीच्या नऊ जणांनाही तसंच म्हणावं लागलं. दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस आमच्या व्हरांड्यात वाटप झालं. भावजींनी कन्नडात छोटं भाषण केलं. “हा दागिना नव्हे, खेळणं नव्हे. हे तुमचं आयुध आहे. गाडीला जपता, झाडूला जपता, तसं याला जपा.” मग भिंतीवर दोन थापा. त्या भाषणात मला काही वावगं वाटलं नाही, हे कबूल करते.

विजयादशमीच्या सकाळी सातला पुट्टम्मा दारात उभी. हातात विड्याचं पान, पानावर यंत्र. आदल्या दिवशी नवमीची आयुधपूजा झाली होती, घरोघर अवजारं पुजली गेली होती. यंत्राला हळद होती, कुंकू होतं, अक्षता होत्या, वर शेवंतीची पाकळी.

“पूजा केली, स्वामी. तेव्हापासून बोलतच नाही.”

नऊ वाजेपर्यंत उरलेले नऊही आले. येलवालच्या लाइनमनने यंत्राला चंदन लावलं होतं. हूटगळ्ळीच्या ड्रायव्हरने आधी त्यावरून लिंबू उतरवलं होतं. दुकान दसऱ्यासाठी बंद. दुपारी पुट्टम्माची मिरवणुकीच्या रस्त्यावर पाळी, आणि तिथं मुकादम स्वतः हजर राहणार. भावजी चार वेळा फाटकापर्यंत जाऊन आले, चार वेळा घड्याळ बघितलं. मग म्हणाले, “वहिनी, आयुध म्हणालो मी. चूक माझी.” आणि माझ्या जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून बसले.

मी हातातला कप खाली ठेवायला विसरले.

ते चार तास बसले. मी दहा बशा मांडल्या, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी लावली, मऊ ब्रश, सुई आणि कापूस दिला. यंत्राची भोकं मोहरीहून बारीक. टेबलाखाली त्यांचा पाय क्लचवर असल्यासारखा सारखा हलत होता. बोटं लाल झाली; आपल्या घराण्यात कापड रंगवणाऱ्या पूर्वजांची अशीच असतील. एकेक यंत्र मुठीत धरलं की बारीक शीळ घाली, म्हणजे ते जिवंत. शीळ आली की टेबलावर दोन थापा. बारापर्यंत नऊ शिट्ट्या झाल्या. पुट्टम्माचं मुकं, कारण तिने वर गंगाजळही शिंपडलं होतं. ते त्यांनी उन्हात ठेवलं, मग तांदळाच्या डब्यात, मग पुन्हा सुई. पुट्टम्मा भिंतीला टेकून त्यांच्या हातांकडे बघत होती. एक वाजायला आला तेव्हा त्यांच्या मुठीतून शीळ आली. तिला ती ऐकू आली नाही. तिने आमच्या चेहऱ्यांवरून ओळखलं आणि हात पुढे केला.

“राइट,” भावजी गाडी सोडताना म्हणत तसं म्हणाले, आणि पुट्टम्मा पाळीवर गेली.

याला आता चार वर्षं होत आली. वहीत पुढं पुष्कळ नावं वाढली. वाटपाचं भाषण आता मी करते, त्यात आयुध हा शब्द नसतो. भावजींचे गुडघे गेले आहेत. सकाळी त्यांना सून आमच्या व्हरांड्यात आणून सोडते आणि ते वेताच्या खुर्चीत बसतात, दहापर्यंत, कधी जेवणापर्यंत. पाठमोरी पुट्टम्मा झाडत जाते तेव्हा ते अगदी हळू म्हणतात, “कॉफी?”

ती वळत नाही, झाडूही थांबवत नाही. “केळ्स्तु स्वामी, कूत्कोळ्ळी,” म्हणते. ऐकलं, बसा तुम्ही. आणि ते बसून राहतात.

यंदा दिवाळीआधी रंगारी आला. हॉलच्या भिंतीवर थापांच्या जागी हात लावून म्हणाला, “अम्मा, इथला रंग शाबूत आहे. कशाला उगीच?” मी त्याला तो चौकोन तरीही रंगवायला लावला. जागा तयार असलेली बरी.